तीन घड्याळांचा तंटा : तबकडीवर उतरवलेले चित्र का अडखळते?

साधारण २००० ते २०१० या दशकात घरोघरी एक प्रयोग होत असे. एखादा चित्रपट किंवा लग्नाचे चित्रण संगणकावर सातशे मेगाबाइटच्या फाइलीत पडलेले असे आणि ते व्हीसीडी वा डीव्हीडीवर उतरवून दूरचित्रवाणी संचावर सर्वांनी मिळून पाहायचे असे. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर रात्रभर चाले. सकाळी तबकडी प्लेअरमध्ये जाई आणि संगणकावर पाण्यासारखे वाहणारे तेच चित्र टीव्हीवर ठेचा खात चालू लागे. कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळला, की मांडवाचे खांब, झाडे, माणसे सेकंदाला एकदा, अगदी नेमाने, दचकत.

संशय साहजिकच संगणकावर जाई. प्रोसेसर जुना, मेमरी अपुरी, तबकडी स्वस्तातली. क्वचित तो खराही असे. परंतु दचका जर सेकंदाला एकदा, ठरल्या वेळी येत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो. यंत्राचा थकवा असा घड्याळ लावून येत नाही. या धक्क्याचे मूळ १९२० च्या दशकातील चित्रपटगृहांत, १९३० च्या दशकातील विजेच्या तारांत आणि १९५३ सालच्या एका अमेरिकी निर्णयात आहे. हा धागा त्या इतिहासाचा आणि ओघाने त्या दुखण्यावरील उपायांचा.

पहिले घड्याळ सिनेमाचे. मूकपटांच्या काळात ते जवळजवळ नव्हतेच. दादासाहेब फाळके यांच्या पिढीचे कॅमेरे हाताने फिरवायचे असत. सेकंदाला किती चौकटी टिपल्या जातील हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. सोळा, अठरा, वीस, प्रसंगानुसार कमीजास्त. चित्र थोडे जलद वा मंद चालले तरी डोळा ते खपवून घेतो. मूकपटांतील माणसे आज टीव्हीवर लगबगीने चालताना दिसतात ती त्या काळाची चाल नव्हे. सोळा-अठराच्या गतीने टिपलेली फिल्म पुढच्या काळातील जलद गतीने पळवल्याचा तो परिणाम आहे.

कान मात्र इतका उदार नाही. फिल्मवर आवाज आला, तेव्हा गतीतील किंचित चढउतारही सूर बिघडवू लागला. म्हणून १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोलपटांसाठी एकच गती पक्की झाली : सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागले ते याच घड्याळाच्या ठोक्यावर. २४ चा आकडा दृष्टीपेक्षा श्रवणाच्या सोयीसाठी आलेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोळ्याला पडद्यावरची लुकलुक जाणवू नये म्हणून प्रक्षेपक प्रत्येक चौकट निदान दोनदा उजळवत असे.

दुसरे घड्याळ विजेचे.

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी प्रसारण सुरू केले. तेथे घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची होती. अमेरिकेत ती ६० आवर्तनांची होती. त्या काळच्या संचांत विजेची ही गुणगुण चित्रात शिरे आणि पडद्यावर फिकट पट्टे उमटत. चित्राची गती विजेच्या गतीशी जुळलेली असली, तर ते पट्टे एका जागी स्थिर राहत आणि फारसे खुपत नसत. जुळलेली नसली, तर ते वरखाली सरकत. म्हणून इंग्लंड-युरोपने ५० हा पाया धरला आणि अमेरिकेने १९४१ च्या मानकात ६०. चित्राच्या गतीचा निर्णय अशा रीतीने वीजनिर्मिती केंद्रांनी आधीच घेऊन ठेवलेला होता.

सेकंदाला ५० पूर्ण चित्रे पाठवण्याइतकी जागा रेडिओलहरींत नव्हती. त्यावर इंटरलेसिंग नावाची तोड निघाली. आधी चित्राच्या विषम ओळी पाठवायच्या, नंतर सम. प्रत्येक अर्धचित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे २५ पूर्ण फ्रेम. अमेरिकेत ६० फील्ड, म्हणजे ३० फ्रेम. यातील खोच अशी, की व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या एका फ्रेममधील दोन फील्ड एकाच क्षणाचे नसतात. विषम ओळींतला नवरदेव आणि सम ओळींतला नवरदेव यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. पुढे संगणकयुगात असंख्य तबकड्या या एवढ्याशा अंतरामुळे बिघडल्या.

आता १९५३. अमेरिकेत रंगीत प्रसारण आणायचे होते आणि लाखो घरांत कृष्णधवल संच होते. ते निकामी होता कामा नयेत, अशी अट होती. रंगाची माहिती म्हणून त्याच लहरींत, एका उपवाहक लहरीवर बसवावी लागली. ही रंगलहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून चित्रावर जाळीदार नक्षी उमटण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणजे ओळींची गती आणि आवाजाची लहर यांच्यात पूर्णांकाचे नाते जोडणे. आवाजाची लहर ४५ लाख आवर्तनांवर होती आणि ती हलवली असती, तर जुने संच मुके झाले असते. म्हणून अभियंत्यांनी ओळींची गती हलवली. ४५ लाखांना २८६ ने भागले आणि सेकंदाला १५,७५० ओळींऐवजी सुमारे १५,७३४ ओळी ठरवल्या. फ्रेमची गती ओघानेच ३० वरून २९.९७ वर आली. हजारात एकाचा फरक.

हजारात एक म्हणजे काहीच नाही, असे वाटते. तासाभरात मात्र तो १०८ फ्रेमचा होतो. प्रसारण केंद्रांचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांत तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडू लागली, आणि ती भरून काढण्यासाठी फ्रेमच्या मोजणीतले काही आकडे ठराविक अंतराने गाळण्याची पद्धत आणावी लागली. १७ डिसेंबर १९५३ रोजी ही एनटीएससी रंगपद्धती अधिकृत झाली. ज्या कृष्णधवल संचांच्या सोयीसाठी हा अपूर्णांक स्वीकारला, ते संच केव्हाच भंगारात गेले. अपूर्णांक अजून आहे.

सिनेमा २४ चा आणि अमेरिकी टीव्ही जवळजवळ ३० चा. हे दोन कसे जुळवायचे? तेथील अभियंत्यांची तोड सुरेख होती. फिल्मची एक चौकट दोन फील्डांना द्यायची, पुढची तीन फील्डांना, मग पुन्हा दोन, पुन्हा तीन. चार चौकटींचे दहा फील्ड होतात, म्हणजे पाच फ्रेम. २४ चे ३० झाले. मात्र त्यासाठी फिल्मही हजारात एकाने मंदावली पाहिजे, म्हणून तिची खरी गती २३.९७६ झाली. संगणकावरील फाइलींच्या माहितीत जो हा विचित्र आकडा दिसतो, तो असा १९५३ च्या तडजोडीतून आलेला आहे.

युरोपने दुसरा, सरळ आणि काहीसा आडदांड मार्ग घेतला. वॉल्टर ब्रुख यांनी जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीसाठी विकसित केलेली पाल रंगपद्धती जानेवारी १९६३ मध्ये प्रथम दाखवली गेली आणि १९६७ मध्ये पश्चिम जर्मनी व ब्रिटनमध्ये तिच्यावर प्रसारण सुरू झाले. तिची गती नेमकी २५. तिच्यावर सिनेमा दाखवताना फिल्म २४ ऐवजी २५ च्या गतीने पळवली की काम भागे. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपे. आवाजही चढे, अर्धस्वराच्या सुमारे सत्तर टक्के. पांढरी चारमध्ये गायलेले गाणे काळी तीनच्या वाटेला लागे. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नसे. ज्यांचा कान तयार, त्यांना मात्र चैन पडत नसे.

भारताची वीज ५० आवर्तनांची, म्हणून भारतही या गोटात. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंग आला तो पाल पद्धतीने. येथील लग्ने, मुंजी, गणेशोत्सव ज्या कॅमेऱ्यांनी टिपले, ते सर्व २५ च्या घड्याळावर चालत. तीच कॅसेट न्यू जर्सीतल्या काकांकडे पाठवली, की ती तेथील व्हीसीआरवर चालत नसे.

तीन घड्याळे, तीन देशकालांतली. चित्र डिजिटल झाले तेव्हा तंटा मिटायला हवा होता. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीने डिजिटल चित्राचे पहिले मोठे मानक ठरवले तेव्हा हुशारीने अशी गती निवडली, की दोन्ही गोटांत एका ओळीत ७२० बिंदू बसावेत. ओळीतले बिंदू सारखे झाले, घड्याळे मात्र वेगळीच राहिली.

मग एमपेग आले. लिओनार्दो किआरिल्योने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या तज्ज्ञगटापुढचे पहिले लक्ष्य होते गाण्याची सीडी. ती सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट एवढीच माहिती देऊ शकते. त्यात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे होते. उत्तर होते आकुंचन. पूर्ण चित्र अधूनमधून साठवायचे आणि मधल्या काळात फक्त काय बदलले, काय हलले एवढेच लिहायचे. १९९३ च्या व्हीसीडी मानकाने चित्राला ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४ किलोबिट ठरवून दिले. चित्राचा आकार आपल्याकडे ३५२ गुणिले २८८, अमेरिकेत ३५२ गुणिले २४०. मूळ चित्राच्या सव्विसाव्या हिश्शात हे सगळे बसवलेले असे. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत, म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई आणि मध्यंतर तबकडी बदलणाऱ्याच्या हाती असे.

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये बाजारात आली. तिचे चित्र मोठे, ७२० गुणिले ५७६ किंवा ४८०, आणि तिला फील्डांची समज होती. विशेष म्हणजे तिच्या एमपेग-२ प्रवाहात एक छोटीशी खूण लिहिता येते : ‘या चौकटीचे पहिले फील्ड पुन्हा दाखव.’ त्यामुळे अमेरिकी तबकडीवरही सिनेमा आपल्या नैसर्गिक २३.९७६ गतीने साठवता येतो. दोन-तीन, दोन-तीन ही वाटणी प्लेअर ऐनवेळी करतो. साठवायच्या चौकटी एक पंचमांशाने कमी होतात आणि मूळ चौकट अखंड राहते. या लेखातील सर्व तंट्यांत एवढा एकच निवाडा असा आहे, की ज्यात कोणाचेच नुकसान झाले नाही. घरगुती रूपांतर करणाऱ्यांना तो बहुधा ठाऊकच नसे.

कारण त्यांच्या हाती येणारी फाइल वेगळ्याच घराण्यातली होती. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ सालचा साचा. १९९९ च्या सुमारास जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टचाच एमपेग-४ कोडेक फोडून, बदलून खुला केला आणि त्यातून डिव्हएक्स जन्मले. २००१ मध्ये त्याचे मुक्त भावंड एक्सव्हिड आले. दोन तासांचा चित्रपट एका साध्या सीडीवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८ मेगाबिटमध्ये बसू लागला. व्हीसीडीच्या जवळजवळ निम्म्या जागेत, आणि दिसायला तिच्याहून सरस. परंतु टीव्हीखालचा प्लेअर ते वाचू शकत नसे. म्हणून रूपांतर, आणि रूपांतराच्या उंबरठ्यावर तिन्ही घड्याळे समोरासमोर.

एव्हीआय फाइलीत प्रत्येक चौकटीची वेळ स्वतंत्रपणे लिहिलेली नसते. मथळ्यात एकच आकडा असतो : सेकंदाला इतक्या फ्रेम. अमेरिकी डीव्हीडीवरून केलेल्या फाइलीत तो २३.९७६ असे. भारतातील सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल’ हा पर्याय निवडलेला असे, म्हणजे २५. सॉफ्टवेअर आज्ञाधारक. त्याला सेकंदाला एक चौकट कमी पडे, म्हणून ते एक चौकट दोनदा छापे. सुरुवातीला उल्लेखिलेला तो सेकंदाचा दचका म्हणजे ही दुबार चौकट. चित्र क्षणभर थांबते आणि पुढे उडी घेते. संवादाच्या दृश्यात कळतही नाही. कॅमेरा वळला, की डोळ्यात खुपते.

वैद्य नाडी पाहतो तसा या दचक्यांचा ठेका पाहिला, की रोगाचे नाव बहुधा कळते. सेकंदाला एक धक्का असेल, तर २३.९७६ ची फाइल २५ मध्ये कोंबलेली आहे. सेकंदाला पाच असतील, तर २५ चे चित्रण अमेरिकी तबकडीसाठी २९.९७ वर ताणलेले आहे. अर्ध्या मिनिटाला एखादाच, तर कोणीतरी ३० आणि २९.९७ यांत फरक मानलेला नाही. धक्क्यांना ठेकाच नसेल आणि ते गर्दीच्या, पावसाच्या, नाचाच्या दृश्यांतच येत असतील, तर घड्याळाचा संबंध नाही. तेथे माहितीचा पुरवठा तुटतो आहे.

उपायही त्याच तर्काने जातो. २३.९७६ ची फाइल पाल तबकडीवर न्यायची, तर चौकटी वाढवायच्या नाहीत. युरोपने केले तेच करायचे, सगळा चित्रपट २५ च्या गतीने चालवायचा आणि आवाज त्याच प्रमाणात आखूड करायचा. चार टक्क्यांची घाई डोळा माफ करतो, दुबार चौकट करत नाही. आवाजाची पट्टी मूळ ठेवून तो आखूड करण्याची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते. तीच फाइल एनटीएससी तबकडीवर न्यायची असेल, तर काम आणखी सोपे : २३.९७६ वरच एन्कोड करायचे आणि ‘फील्ड पुन्हा दाखव’ ही खूण लावायची. हिरोयुकी होरी यांच्या टीएमपीजीइन्क या जपानी सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय होता. डोनाल्ड ग्राफ्ट यांचे डीजीपुलडाउन हे चिमुकले साधन तर तयार एमपेग-२ प्रवाहावर पुन्हा एन्कोड न करता ही खूण लावून देई. भारतीय प्लेअर बहुधा दोन्ही पद्धती वाजवत, म्हणून पाल देशात बसूनही एनटीएससी तबकडी बनवणे हा कित्येकदा सर्वांत निर्मळ मार्ग ठरे.

फाइल २९.९७ ची असेल तर आधी तपासावे लागते, की ती खरोखर व्हिडिओ आहे की आत सिनेमा लपला आहे. हलत्या दृश्यावर थांबून एकेक फ्रेम पुढे सरकवली, की उत्तर मिळते. तीन स्वच्छ, दोन कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या, पुन्हा तीन स्वच्छ, हा क्रम दिसला तर तो २४ चा सिनेमाच. दोन-तीनची वाटणी उलट फिरवून मूळ चौकटी परत मिळतात. सर्वच हलत्या फ्रेम फाटलेल्या दिसल्या, तर तो खरा इंटरलेस्ड व्हिडिओ. त्याची उंची तशीच आटवली, तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि मग ते निवडणे अशक्य.

लग्नाच्या चित्रणाचे दुखणे वेगळे. डिजिटल कॅमकॉर्डरच्या डीव्ही कॅसेटमध्ये खालचे फील्ड आधीचे असते. टेप पकडणारी काही कार्डे आणि एन्कोडरचे काही ठरीव पर्याय वरचे फील्ड आधी धरून चालतात. दोहोंत गल्लत झाली, की काळ उलटसुलट होतो : दुसरा क्षण, पहिला, चौथा, तिसरा. वरात चालते आहे आणि प्रत्येक पाऊल पुढे पडून थरथरत मागे येते आहे, असे दिसते. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फील्ड एकदमच दाखवले जातात, म्हणून तेथे ही चूक दिसत नाही. टीव्हीवर पहिल्या हालचालीतच दिसते. ‘संगणकावर तर ठीक होते’ या तक्रारीमागे बहुधा हेच असे. एन्कोडरमधला एक पर्याय बदलला की ते दुरुस्त होते. त्याऐवजी अनेकजण घाबरून इंटरलेसिंगच काढून टाकत. त्याने थरथर जाई, पण सेकंदाला ५० क्षणांचे २५ होत आणि व्हिडिओचा जिवंत सलगपणा कायमचा जाई. व्हीसीडीला तर फील्ड ठाऊकच नाहीत. लग्नाची व्हीसीडी त्याच लग्नाच्या डीव्हीडीपेक्षा नेहमीच थोडी अडखळत चाले, ती त्यामुळे.

आता पुरवठ्याचे. प्लेअरच्या पोटात एक रांजण असतो असे मानावे. तबकडीवरून ठराविक धारेने माहिती त्यात पडते आणि प्रत्येक चौकट आपापला तांब्या भरून घेते. शांत दृश्याला लहान तांब्या पुरतो, गर्दीच्या दृश्याला घागर लागते. डीव्हीडीचा हा रांजण सुमारे २२४ किलोबाइटचा. लागोपाठ घागरी उपसल्या, की तो कोरडा पडतो आणि चित्र गोठते. मानकाने म्हणूनच चित्रासाठी सेकंदाला ९.८ आणि सर्व मिळून १०.०८ मेगाबिट ही कमाल घातली आहे. आवाज जर आकुंचनाविना ठेवला, तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो. चित्राला ९ दिले की बेरीज मर्यादेबाहेर. चित्राची कमाल ८ च्या आसपास ठेवणे हा जाणत्यांचा प्रघात होता. एकपदरी तबकडीवर दोन तास बसवायचे, तर सरासरी ५ च मिळते, हेही त्यांना पाठ असे. व्हीसीडी प्लेअर तर एकपट गतीनेच वाचत. दर्जा वाढवायच्या हौसेने ११५० च्या जागी २००० किलोबिट लिहिलेल्या तबकड्या संगणकावर छान चालत आणि शेजारच्या प्लेअरमध्ये दम टाकत.

आवाजाची एक छुपी खोडी होती. बदलत्या बिटरेटचा एमपी३ एव्हीआयमध्ये कसाबसा बसवलेला असे. रूपांतर करताना त्याची लांबी चुकीची मोजली जाई आणि आवाजाशी जुळवून घेण्यासाठी काही साधने चित्राच्या चौकटी गाळत. म्हणजे रोग कानाचा, लक्षण डोळ्याला. आवाज आधी वेगळा काढून साध्या वेव्ह फाइलीत, व्हीसीडीसाठी ४४.१ आणि डीव्हीडीसाठी ४८ किलोहर्ट्झवर आणला, की ते मिटे. आणि तबकडीच्या बाहेरच्या कडेला, चित्रपटाच्या शेवटच्या भागातच चौकोन विस्कटत असतील, तर एन्कोडरला छळण्यात अर्थ नसे. चांगली तबकडी घेऊन ती कमी वेगाने लिहिणे एवढेच उरे.

व्यावसायिकांचेही या तंट्यात हात पोळले. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि जुने चित्रपट घराघरांत पोचले. परदेशस्थ प्रेक्षकांवर डोळा ठेवून भारतीय चित्रपटांच्या अनेक डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या निघत असत. त्यांतील कित्येकांचा स्रोत मात्र पाल टेप होती, २५ वर पळवलेली. २५ चे २९.९७ करताना यंत्राने शेजारच्या चौकटी एकमेकींवर पातळसर लेपून मधल्या चौकटी तयार केल्या. धक्के गेले, पण हलणाऱ्या माणसामागे भुतासारखी दुसरी आकृती राहिली. खरे तर तेथेही निर्मळ वाट होती : २५ ची गती पुन्हा २३.९७६ पर्यंत मंद करायची आणि दोन-तीनची खूण लावायची. चित्रपट आपल्या मूळ चालीवर आला असता आणि गाणीही आपल्या मूळ पट्टीजवळ.

हे केवळ शौकिनांचे रडगाणे नाही. २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातील नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा फार जुना ठेवा जळाला. ज्या चित्रपटांची चांगली प्रत उरलेली नाही, त्यांच्यासाठी एखादी स्वस्त तबकडी हाच शेवटचा पुरावा ठरू शकतो. दुबार छापलेली चौकट ओळखून काढून टाकता येते. उलटे लागलेले फील्ड सरळ करता येतात. दोन-तीनची वाटणी सोडवता येते. मात्र दोन चौकटी एकदा एकमेकींत लेपल्या, की दुधात पडलेले पाणी जसे निवडून काढता येत नाही, तसे त्यांचेही होते.

घरातल्या ठेव्याचेही तेच. आजोबांची एकसष्टी व्हीएचएसवर टिपलेली, ती टेप बुरशीने गेली, आणि मधल्या काळात कोणीतरी घाईत केलेली एव्हीआय फाइल तेवढी उरली, असे असंख्य घरांत झाले आहे. ती फाइल २५ ची असेल आणि तिचे फील्ड शाबूत असतील, तर आजही तिच्यापासून उत्तम तबकडी होते. म्हणून मूळ टेप किंवा मूळ फाइल असेल तोवर तिच्यावरूनच, तिच्याच गतीने, एकदाच रूपांतर करायचे. तबकडीवरून फाइल आणि त्या फाइलीवरून पुन्हा तबकडी, असे करायचे नाही.

मोबाइलने या गोष्टीत चौथे पात्र आणले आहे. बरेच फोन ठराविक गतीने चित्रण करतच नाहीत. उजेड कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला, की सेकंदाला ३० च्या २७ होतात, २४ होतात, पुन्हा ३०. प्रत्येक चौकटीवर तिची वेळ लिहिलेली असते, म्हणून फोनवर सारे सुरळीत दिसते. डीव्हीडीला असे घड्याळ समजत नाही. गावाकडे अजून डीव्हीडी प्लेअर चालू असलेल्या आजीसाठी नातीने बारशाचे चित्रण फोनवरून तबकडीवर उतरवले, की ते अडखळते आणि आवाज हळूहळू ओठांपासून दूर जातो. उपाय जुनाच : आधी फाइल स्थिर गतीवर आणायची, आवाज ४८ किलोहर्ट्झवर, आणि मगच एमपेग-२. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग हे फुकट साधन हे सारे करते. पाल की एनटीएससी एवढे त्याला आधी सांगावे लागते.